तिसऱ्या दगडापर्यंत ऊन

झेरॉक्सच्या दुकानात अरिहंतनं फोटो पडद्यावर मोठा केला तो फक्त कडा कापायला. रुचिका शेजारी उभी राहून अहवालाच्या पानांचे क्रमांक जुळवत होती. तिची नजर सहज वर गेली आणि तिथेच अडकली. फाटकाखालच्या मोरीच्या तोंडाशी पावसाळ्यातला गाळ वाळून पिठासारखा झाला होता, आणि त्या पिठात एक रेघ होती. नागमोडी, बोटभर रुंद, मोरीच्या अंधारातून निघून फोटोच्या डाव्या कडेबाहेर गेलेली.

"आठून कापू का?" अरिहंतनं डाव्या कडेवर बोट ठेवून विचारलं.

"थांब. आखो मोठा कर."

त्यानं अजून मोठा केला. बाहेर मिरचीच्या हंगामातल्या शेवटच्या गाड्या चालल्या होत्या, त्यामुळे दुकानात शिरणारा प्रत्येक जण आधी शिंकत होता आणि मग कामाचं बोलत होता. अरिहंतही शिंकला, नाक पुसलं आणि पडद्याजवळ वाकला. "साप गयेल शे का आठून?"

"सापले पाय ऱ्हातस का?"

रेघेच्या दोन्ही अंगांना नख्यांचे ठसे होते, एक डावा, मग जरा पुढे एक उजवा, आणि मधून शेपटी ओढत नेल्याची ती रेघ. घोरपड. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा कुठलाही मुलगा ओळखेल. आठ दिवसांपूर्वी बाहेरच्या रस्त्यावरून तिनं स्वतः काढलेला फोटो, तेव्हापासून तिच्या संगणकात पडलेला, तीन वेळा अहवालात सरकवलेला, खाली तिनेच मथळा टाकलेला: 'प्रवेशद्वाराखालील कोरडी मोरी'.

"मंग पंच मारू का? तुन्ही नाशिकनी गाडी चारले शे."

"नको मारू."

"येवढा पानं लावी बठनू, आते म्हनस नको मारू!" अरिहंत म्हणाला. त्याचे आजोबा नथमलशेठ याच गाळ्यात वह्या आणि शाई विकायचे, आणि आलेलं गिऱ्हाईक काम अर्धं टाकून निघालं की त्या घरात तीन पिढ्या एकच वाक्य म्हटलं जायचं. तेही तो म्हणाला. "शिकेल लोकस्नं असंच ऱ्हास."

रुचिका हसली नाही. ती एकोणिसावं पान शोधत होती. ते वाक्य तिला पाठ होतं, तरी ते छापलेलं बघायला हवं होतं. प्रवेशद्वाराखालील मोरी कोरडी असून वन्यजीवांच्या वापरात नाही. स्वच्छ, सरळ, कुठेही 'बहुधा' नसलेलं वाक्य. लिहिताना तिला त्याचा अभिमान वाटला होता. कॉलेजात पाटील सर म्हणायचे, दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. आणि तिला दिसलं नव्हतं, म्हणून तिनं 'नाही' लिहिलं होतं. आता दुकानाच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, मांडीवर गरम कागदांचा गठ्ठा घेऊन, तिला पहिल्यांदा कळत होतं की न दिसणं आणि नसणं यांच्या मधली जागा तिनं एका झटक्यात भरून टाकली होती, जशी ती मोरी आता भरली जाणार होती.

शहाद्याच्या रस्त्याला, कळसाडीच्या अलीकडे, लष्कराचा एक लहानसा तळ आहे. त्याचं फाटक जुनं, एका वेळी एकच ट्रक आत जाईल एवढं. बाकीचे बाहेर रस्त्यावर रांग लावून उभे राहतात आणि ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टर त्यांना शिव्या घालत कडेनं निघतात. म्हणून नवं फाटक होणार होतं, दोन मार्गिकांचं, तपासणीच्या वेगळ्या जागेसह. त्याआधी पर्यावरणाचा आढावा हवा. किती झाडं जातील, पाणी कुठून वाहील, धूळ किती उडेल, काय राहतं तिथे. काम नाशिकच्या चारुलता मॅडमच्या छोट्या संस्थेकडे आलं, आणि मॅडमनी ते रुचिकाला दिलं, कारण ती जवळच्या कोरीट गावची, घरून जाऊन येऊन करू शकणारी, आणि कारण, मॅडमच्याच शब्दांत, 'तू मोजल्याशिवाय बोलत नाहीस.' हा तिच्या नावावरचा पहिला अहवाल होता. तिनं बाभळी मोजल्या, बोरी मोजल्या, प्रत्येक खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घेतला. आणि मोरीत वाकून बघितलं, जानेवारीत, दुपारी दीड वाजता. तळाच्या इंजिनीअरसाहेबांनी तेव्हा तिला नकाशाचे दोन कागद दाखवले होते. एकात मोरी काँक्रीटनं बंद. दुसऱ्यात मोरी तशीच, फक्त तोंडाला नवी जाळी. "फाटकाखाली भोक नको, हे आमचं म्हणणं," ते म्हणाले होते. "पण तुमच्या लोकांनी 'वापरात आहे' लिहिलं तर जाळी बसवू. 'नाही' लिहिलंत तर बंद. दोन्ही मंजूर आहे, मॅडम, तुम्ही सांगाल तसं." इतकं साधं. एक शब्द इकडे की तिकडे. मोरीच्या आतल्या बाजूला, तळाच्या हद्दीत, बाभळींचं रान आणि वारुळं, बाहेरच्या बाजूला पाट आणि पाटाचं पाणी. वाट बंद झाली की घोरपडीला पाण्यासाठी रस्ता ओलांडावा लागणार होता, उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि त्या रांगेतल्या ट्रकांच्या चाकांमधून.

तिनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून मॅडमना फोन केला. सांगताना आवाज चिरकला, तो मिरचीमुळे असं मॅडमना वाटावं अशी तिची इच्छा होती.

"जानेवारीत गेलीस," मॅडम म्हणाल्या. "घोरपड थंडीत कुठे असते?"

"बिळात."

"हं. स्थानिकांशी चर्चा हा रकाना?"

"केली आहे. कळसाडीच्या दोन शेतकऱ्यांशी."

"ते फाटकापाशी किती वेळ असतात?"

रुचिका पायरीवरून खाली उतरून उभी राहिली.

"एका फोटोतल्या ठशावर मी 'वापरात आहे' अशी सही करणार नाही. तू तरी केली असतीस का? उद्या दुपारपर्यंत थोपवते. त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि रुचिका, रडत असशील तर नंतर रड."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला आठवला तो माणूस, जो तिनं कुठल्याच रकान्यात लिहिला नव्हता. चौकीतला. पन्नाशीचा, बुटका, काळा, मिशीत पांढरे केस, गणवेशाची इस्त्री इतकी कडक की बाहीला हात लावला तर कापेल. छातीवर नाव: रामसिंग. जानेवारीत त्यानं तिचा फोन पेटीत ठेवून घेतला, तिचं नाव लिहिलं, घड्याळात बघून वेळ लिहिली, आणि ती मोरीत वाकून धुळीनं भरून वर आली तेव्हा स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. तिनं 'थँक्यू' म्हटलं आणि इंजिनीअरसाहेबांकडे वळली. त्या रजिस्टरमध्ये त्यानं तिच्या नावाखालच्या ओळीत अजून काहीतरी लिहिलं होतं, लहान अक्षरात, आणि बाजूचा तरणा शिपाई म्हणाला होता, "रामसिंगभाई, आजही पाहुणीण नाही आली का?" तेव्हा तिला वाटलं होतं, ही आपलीच थट्टा. कान तापले होते. ती मान वळवून भराभरा आत निघून गेली होती. आता कोरीटच्या फाट्यावर उतरताना तिच्या मनात त्या थट्टेतली पाहुणीण हळूहळू आपली जागा बदलत होती, तिच्यावरून उठून मोरीकडे सरकत होती.

घरी आप्पा अंगणात विहिरीवरच्या मोटारीचा पंखा उघडून बसले होते. तिचे वडील भाईदास यांना सगळं गाव भाईदास मास्तर म्हणायचं, ते मास्तर कधीच नसताना, कारण ते विहिरीच्या काठच्या दगडावर दर रविवारी सकाळी पाण्याची पातळी गेरूनं लिहायचे. एकोणीस वर्षं. दगड पुरले नाहीत तेव्हा त्यांनी मोटारीच्या खोलीची भिंत घेतली. गावात लोक हसायचे, विचारायचे, पाणी लिहिल्यानं वाढतं का? लहानपणी रुचिकालाही लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की ती त्यांना विहिरीकडे नेत नसे. मग पदवीच्या शेवटच्या वर्षी भूजलाचा पाठ शिकताना तिला एकदम ती भिंत आठवली. त्या रविवारी घरी जाऊन तिनं सगळे आकडे वहीत उतरवले. आप्पा मागे उभे राहून बघत होते, एवढंच म्हणाले होते, "दोन हजार बारा सालनं पुसट व्हयी गयं, नीट वाच." आज तिनं त्यांना मोरीचं सगळं सांगितलं. त्यांनी पंख्यातला गाळ काडीनं काढत ऐकून घेतलं.

"तो चौकीवाला तठे कितला वरीसपाईन शे?"

"माहीत नही."

"त्याले पुस ना मंग." त्यांना विचारण्यापलीकडे त्यात काही अवघड दिसत नव्हतं. "तू साहेबले पुसनी, शेतकरीले पुसनी. दारवर जो बठेल शे, त्याले कोन पुसस?"

आई निर्मलाबाई आतून म्हणाल्या, "तिले पह्यले खाऊ द्या, मंग पुसा काय पुसनं ते."

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती फाटकासमोरच्या पांढऱ्या पट्ट्याजवळ उतरली. रामसिंग चौकीत होता. त्याच बाह्या, तीच इस्त्री.

"जय हिंद मॅडम. साहेब आज धुळ्याला गेलेत."

"मी तुमच्याकडेच आले, रामसिंगदादा."

मग त्यानं पेटी पुढे केली, तिनं फोन ठेवला, त्यानं पावती दिली. कुणाकडेही आलात तरी फोन पेटीत. तिनं विचारलं, जेवढं सरळ विचारता येईल तेवढं: मोरीतून काय जातं?

"तुम्ही जानेवारीत विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं," तो म्हणाला. रागानं नाही, बस उशिरा आली तर वेळ सांगावी तसं. "तुम्ही साहेबांना विचारलंत."

रुचिकानं वही उघडली. मग तोच बोलू लागला. सातपुड्यातल्या धडगावकडचा, पावरा आदिवासी, घरी पावरी बोलणारा, वीस वर्षं फौजेत हिंदी बोललेला. त्याचं मराठी शाळेच्या पुस्तकासारखं एकेक शब्द नीट ठेवलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मोरीत सळसळ झाली. ड्यूटीवरच्यानं शिट्टी दिली, सगळा तळ बंदुका घेऊन पळत आला, आणि आत बॅटरी मारल्यावर निघाली घोरपड. लोक आठवडाभर हसत होते. पण तेव्हाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी हुकूम काढला: मोरीतली प्रत्येक हालचाल वेळेसकट लिहायची. नेहमीचं काय ते माहीत असलं, तर नेहमीचं नसेल ते लगेच ओळखता येईल. महिनाभर सगळ्यांनी लिहिलं. मग अधिकारी बदलून गेले.

"आणि तुम्ही?"

"हुकूम रद्द झालेला नाही ना," रामसिंग म्हणाला.

तिला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी मान खाली घालावीशी वाटली. सहा वर्षं. प्रत्येक ड्यूटीला, वेळेसकट, ऋतूसकट, थट्टेसकट. हे करायला विद्यापीठानं माणूस ठेवला असता तर त्याला आधी गाडी लागली असती, मग मदतनीस. तिच्या डोळ्यांसमोर आप्पांची गेरूनं भरलेली भिंत आली, आणि तिच्या बाजूला निळ्या पुठ्ठ्याची रजिस्टरं, एकावर एक, कुठल्याशा कपाटात. जगात किती दारांवर, किती काठांवर अशी माणसं बसली असतील, बघत आणि लिहीत, आणि आपण त्यांच्या समोरून साहेबाला भेटायला जातो.

"मला त्या नोंदी बघता येतील? फक्त मोरीच्या. मी हातानं उतरवून घेते."

"नाही."

"फक्त तारखा?"

"रजिस्टर बाहेरच्या माणसाला दाखवायचा हुकूम नाही, मॅडम."

तरणा शिपाई आतून म्हणाला, "अरे भाई, दाखव की. तुझं पुस्तक वाचायला पहिल्यांदा कोणीतरी आलंय."

रामसिंगनं त्याच्याकडे बघितलंही नाही. रुचिकाच्या मनात एक क्षण चीड उसळली: त्या बंद पुठ्ठ्यात तिचं उत्तर पडलं होतं, दोन हातांवर. पण चीड टिकली नाही. तो दाखवायला तयार झाला असता, तर त्या नोंदी तिला इतक्या खऱ्या वाटल्या असत्या का? ज्या कडकपणानं तो लिहीत होता, त्याच कडकपणानं तो नाही म्हणत होता. एक घेऊन दुसरं टाकता येत नव्हतं.

"पण रस्त्यावर उभं राहायला कोणी कोणाला अडवत नाही," तो म्हणाला आणि चौकीतून बाहेर आला. पांढऱ्या पट्ट्याच्या काठाशी येऊन त्यानं हात लांब केला. "तो बांधीव उतार दिसतो? दगड मोजा, पाण्याकडून. एक, दोन, तीन. आता चौकीची सावली आहे तिथे. ऊन तिसऱ्या दगडापर्यंत आलं की येते. त्याच्या आधी नाही. थंडीत बंद असते, होळीच्या आधी आठ दिवस उघडते."

"दुकानासारखी."

"दुकान उशिरा उघडतं. ही नाही." मग मिशीत हसून, आवाज जरा खाली आणून, "लहानपणी आम्ही हिला शोधायचो ते वेगळ्या कारणासाठी. म्हणून माहिती. माझ्या बापाला नुसत्या मातीवरून कळायचं, सकाळी गेली की काल. आता कायदा आहे, आणि मी पण सुधारलो. पण नजर जात नाही."

ती पाटाच्या कडेला, बाभळीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. वही, पेन, मनगटावरचं घड्याळ. फोन पेटीत, म्हणजे फोटो नाही. आज जे काही होईल ते फक्त तिच्या शब्दावर. साडेआठ. ट्रकांची रांग लागायला सुरुवात झाली होती. एक ड्रायव्हर खाली उतरून दात घासत होता. पाटातलं पाणी पलीकडच्या उसाकडे चाललं होतं. सावलीची कड पहिल्या दगडावर होती, आणि ती बघत असताना मुळीच हलत नव्हती, आणि जरा नजर वळवली की हललेली असायची. तिला आठवलं, प्रयोगशाळेत थेंबाथेंबानं रंग बदलायची वाट बघताना हात असाच ताठायचा. तेव्हा चूक झाली तर पुन्हा करता यायचं. आज नाही आली तर? सहा वर्षं येत असेल आणि आज नाही आली तर? तर एकोणिसावं पान तसंच जाईल, खोटं, तिच्या सहीनं, आणि पावसाळ्याच्या आधी गाडी येऊन मोरीत काँक्रीट ओतेल, आणि रामसिंग त्याची वेळ लिहील. तो लिहीलच. सावली दुसऱ्या दगडावरून उतरली. ड्रायव्हरनं गुळणी टाकली. तिच्या पायाला मुंगी चावली, ती हलली नाही. लहानपणी आप्पा दोरी विहिरीत सोडायचे तेव्हा तिला गप्प बसायला सांगायचे. पाण्याला दोरी लागल्याचा जो अगदी बारीक आवाज यायचा, तो ऐकू यावा म्हणून. त्या शांततेत ती किती वेळा उभी होती, कंटाळून, पाय बदलत. तिला तेव्हा वाटायचं ही सगळी वाया गेलेली रविवारची सकाळ.

ऊन तिसऱ्या दगडाच्या कडेला टेकलं. मोरीच्या अंधारात आधी काहीच बदललं नाही. मग अंधारापेक्षा जरा फिकट असं काहीतरी पुढे आलं, जुन्या जाळीच्या वाकलेल्या गजाखालून डोकं, मान, मग पुढचा पाय, विचार करून ठेवलेला. जीभ बाहेर आली, दुभंगलेली, निळसर, हवेला चाटून परत गेली. सगळं अंग बाहेर यायला तिला मिनिटभर लागलं. शेपटी अजून आतच होती, इतकी लांब. खडबडीत, मातीच्या रंगाची. कोणी म्हातारी बाई उंबऱ्यावर येऊन गल्ली बघते तशी तिनं डावी-उजवी मान फिरवली, तिसऱ्या दगडावर चढली आणि पोट टेकून उन्हात पसरली. ट्रकनं हॉर्न दिला. तिनं डोळा मिटला आणि उघडला. रुचिकानं पेनाचं टोपण काढलं. मग तिनं घड्याळ बघितलं आणि लिहिलं: ९.०७. गजांमधलं अंतर अंदाजे सहा इंच. ती सहज येते, माणूस येणार नाही. नवी जाळीही एवढीच चालेल. लिहून झाल्यावर तिनं वेळेचा आकडा पुन्हा वाचला. वर बघितलं तर चौकीच्या खिडकीत रामसिंगही मान खाली घालून लिहीत होता. दोघांनी एकाच वेळी मान वर केली. त्यानं हसून हात वगैरे केला नाही. नुसतं बघितलं, जसं एका बाकावर परीक्षा देणारे एकमेकांकडे बघतात.

घोरपड पाण्याकडे उतरून उसात गेल्यावर ती चौकीपाशी आली. बाहेरच्या कट्ट्यावर बसून तिनं पिशवीतून अहवालाचा न बांधलेला गठ्ठा काढला आणि एकोणिसावं पान वर घेतलं. नवं पान छापता आलं असतं. अरिहंतनं दोन मिनिटांत दिलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं की इथे आधी काय होतं.

"आमच्याकडे पान बदलत नाहीत," रामसिंग खिडकीतून म्हणाला. त्यानं कधी बघितलं कोण जाणे. "एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही."

"आमच्याकडे पण," ती म्हणाली. प्रयोगशाळेच्या वहीचा पहिला नियम. तिनं 'वापरात नाही' यातल्या 'नाही'वर एक सरळ रेघ ओढली, वर 'आहे' लिहिलं, बाजूला सही केली. स्थानिकांशी चर्चा या रकान्यात दोन शेतकऱ्यांच्या खाली तिनं एक ओळ जोडायला घेतली आणि थांबली. "तुमचं नाव लिहू का?"

त्यानं विचार केला. हुकुमात बसतं का हे तो तपासत होता, हे तिला आता ओळखू येत होतं.

"रजिस्टरचं लिहू नका. मी सांगितलं, एवढं लिहा. तोंडानं सांगायला बंदी नाही." मग, पावती परत घेऊन फोन हातात देताना, "वेळ काय लिहिलीत?"

"नऊ सात."

"माझ्याकडे नऊ आठ आहे."

तिनं मनगटाकडे बघितलं, मग चौकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"रोज सहाला रेडिओच्या वेळेशी मिळवतो," तो म्हणाला. जणू माफी मागत.

रुचिकानं वही पुन्हा उघडली. सातावर एक रेघ ओढली, खालचा सात वाचता येईल अशी, वर आठ लिहिला आणि बाजूला सही केली.